उघड्या डोळ्यांनी आलेली तिघं

भोंगा हे नाव काकांना कारखान्यात पडलं आणि ते त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. बॉयलर बनवायच्या कारखान्यात त्यांचा उमेदीचा सगळा काळ गेला. जाड पत्र्याचं अजस्र पिंप असायचं. एक माणूस आत बसून ठोकणार, दुसरा बाहेरून. आत बसणाऱ्याच्या कानांचं काय होतं ते विचारायलाच नको, आणि भोंगाकाका बहुतेक वेळा आतच असत. निवृत्त झाले तेव्हा समोर उभं राहून मोठ्याने बोललेलं त्यांना कळे, पण दाराची घंटा, पाखरं, कुकरची शिट्टी असले बारीक, उंच आवाज कायमचे गेले होते. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण "त्यात नुसती भांडी पडतात" असं म्हणून त्यांनी ते खणात टाकून दिलं. आणि स्वतःचं बोलणं स्वतःला तरी ऐकू यावं म्हणून ते असे बोलत, की "नळ बंद कर गं" म्हटलं की खालच्या मजल्यावरचा नळ बंद व्हायचा.

घरात ती दोघंच. काकू पडदे शिवून द्यायच्या. बाहेरच्या खोलीत मशीन, आत स्वयंपाकघर, मागे काचा लावून बंद केलेली गॅलरी. त्या गॅलरीत खुर्ची टाकून भोंगाकाका दिवसभर रस्त्याकडे बघत बसत. ज्या हातांनी लोखंड वाकवलं त्या हातांना आता वर्तमानपत्राची घडी घालण्यापलीकडे काम नव्हतं. काकूंना ते बघवत नसे, पण करणार काय?

अशात एका रविवारी मुलगी आली. हातात प्लॅस्टिकचा मोठा टब, टबावर जाळी.

"बाबा, माझी बदली झालीय. नवीन घरमालकाला जनावरं चालत नाहीत. दुसरी जागा मिळेपर्यंत यांना ठेवून घ्या."

काकूंनी जाळीतून आत डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. "उंदीर! अगं, लोक घरातले उंदीर बाहेर काढतात आणि तू बाहेरचे घरात आणतेस?"

"आई, गिनी पिग आहेत. शेपूट दिसतंय का कुठे?"

शेपूट खरंच नव्हतं. दोन गोल गोळे होते, एक तांबूस, एक काळा-पांढरा, एकमेकांना चिकटून बसलेले. दोघी माद्या, असं दुकानदाराने सांगितलं होतं. तांबडी आणि ठिपकी. मुलीने गवताचं पुडकं, पाण्याची बाटली आणि ढीगभर सूचना दिल्या, त्यातल्या निम्म्या बापाला ऐकू आल्या नाहीत, आणि ती संध्याकाळच्या गाडीने गेली.

"गॅलरीत ठेवा," काकू म्हणाल्या. "आणि मला हात लावायला सांगू नका."

टब एवढ्याशा जिवांनाही अपुरा होता. भोंगाकाकांनी दुसऱ्याच दिवशी जुन्या कपाटाची दारं काढली आणि गॅलरीच्या एका भिंतीभर पसरेल असा उथळ, ऐसपैस खोका ठोकला. तळाला जाळी ठेवणार होते, घाण आपोआप खाली पडेल म्हणून. मुलीने फोनवर नको म्हणून सांगितलं, नाजूक तळपायांना जखमा होतात. फोनवर म्हणजे मुलगी काकूंना सांगणार, काकू ते ओरडून भोंगाकाकांना सांगणार आणि भोंगाकाका त्याहून ओरडून उत्तर देणार. समोरच्या इमारतीतल्या लोकांनाही गिनी पिगच्या तळपायांची माहिती झाली.

खाली लाकडाचा पक्का तळ, त्यावर वर्तमानपत्रं, त्यावर जुना टॉवेल, त्यावर जुनी शाल. रोज सकाळी लहान झाडू आणि सुपली घेऊन लेंड्या गोळा करायच्या, ओलं गवत उचलायचं. आठवड्यातून एकदा सगळं बाहेर काढून तळ धुवायचा. पहिल्यांदा धुताना भोंगाकाकांनी फिनेल ओतलं, चांगलं सढळ हाताने. घर लख्ख म्हणजे फिनेल, एवढंच त्यांना ठाऊक. थोड्या वेळाने बघतात तर दोघी कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेल्या, अंगाला झटके देत शिंकतायत. भोंगाकाकांचं धाबंच दणाणलं. दोघींना उचलून स्वयंपाकघरात पळाले, ओट्यावर ठेवल्या. काकू किंचाळल्या ते त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा फोन. मुलगी म्हणाली, फिनेल नको, पाण्यात थोडं व्हिनेगर घाला आणि पुसा.

व्हिनेगरने पुसताना त्यांना एक गोष्ट दिसली. तळाच्या लाकडावर खडूसारखे पांढरे डाग धरले होते, जिथे या मुतायच्या तिथे. फडक्याने निघत नव्हते, पण व्हिनेगर पडलं की हळूच फसफसत आणि विरघळून जात. भोंगाकाका गुडघ्यावर बसून बघत राहिले.

"अगं, इकडे ये! हा क्षार आहे!" ते गरजले. "बॉयलरच्या नळ्यांत धरतो ना, अगदी तोच! आम्ही तो तेजाबाने काढायचो. एवढ्याशा पोटात, बघ, आख्खा बॉयलर बसवलाय!"

काकूंनी दारातून मान हलवली. नवऱ्याचा चेहरा असा उजळलेला त्यांनी फार दिवसांत पाहिला नव्हता. त्या आत गेल्या, पडद्यांच्या कापडाचे उरलेले तुकडे काढले, मऊ आणि जाड यांचे थर करून चार बाजूंनी शिवून गाद्या केल्या. मशीनमध्ये धुता येतील अशा. "सारख्या शाली धुणं माझ्या जिवावर येतं म्हणून," असं कारण सांगितलं. गादीला कडेने निळी पट्टी लावली होती, ती मात्र धुण्याच्या सोयीसाठी नव्हती.

गवताने तर भोंगाकाकांना वेडच लावलं. दुकानातलं गवत संपलं तेव्हा ते गावाबाहेरच्या घोड्यांच्या तबेल्यात गेले आणि कोरडं, हिरवट, वासाचं गवत पोत्याने घेऊन आले. कुबट वास आला तर परत करत. दोघी दिवसभर चावत असत. एकदा तांबडी मुळीच काही खाईना म्हणून ते तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या आणि त्यांचा आवाज खणखणीत होता, त्यामुळे दोघांचं लगेच जमलं. दाढेत गवताची काडी अडकली होती, ती निघाली. मग बाईंनी समजावलं की यांचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवताने ते झिजतात, म्हणून मूठभर नव्हे, ढीगभर गवत हवं.

"आणि रोज भोपळी मिरचीचा तुकडा द्या. यांच्या अंगात सी जीवनसत्त्व तयार होत नाही. कुत्र्या-मांजरांच्या होतं, यांच्या नाही. खाण्यातूनच मिळावं लागतं, आपल्यासारखं."

"आपल्यासारखं?" भोंगाकाका थबकले.

"हो. तुमच्यामाझ्या अंगातही नाही होत."

दवाखान्यातून परतताना ते पिशवीतल्या तांबडीकडे असे बघत होते जसं कुणी दूरच्या नात्यातलं माणूस अचानक सापडावं.

खाऊच्या बाबतीत मात्र त्यांचा हात आवरत नसे. काकडी, कोथिंबीर, गाजर, सफरचंदाची फोड, द्राक्ष. काकू म्हणायच्या, "मला कधी द्राक्ष सोलून दिलंत का?" गाजर आणि फळं गोड असतात, आठवड्यातून एखाद वेळेस नखाएवढी द्या, बटाटा-कांदा-पाव तर मुळीच नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. भोंगाकाका मान डोलावत आणि घरी येऊन नखाएवढी म्हणजे आपल्या अंगठ्याच्या नखाएवढी धरत. त्यांचं अंगठ्याचं नख म्हणजे चांगला रुपयाएवढा ऐवज.

फ्रीजचं दार उघडलं की दोघी शिट्ट्या मारायच्या. लांबलचक, चढत जाणारी शिट्टी. काकूंना हसू आवरत नसे. "अहो, तुम्हाला बोलावतायत! ऐका तरी!" भोंगाकाका खोक्याजवळ वाकून बघत. त्यांना माना वर केलेल्या दिसत, बरगड्या हललेल्या दिसत, आवाज मात्र कुठेच नाही. सगळ्या घराला ऐकू येतं आणि ज्याला बोलावतायत त्यालाच नाही. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकला.

मग एका दुपारी तांबडी त्यांच्या छातीवर पसरून बसली होती. त्यांचा हात तिच्या पाठीवर. आणि तळहाताला काहीतरी लागलं. बारीक, सलग, लांबवर कुठेतरी यंत्र सुरू असल्यासारखी थरथर. कारखान्यात त्या गदारोळात कान कुणाच्याच कामाचे नसत. पिंपाला हात लावून सगळं कळून घ्यायची सवय होती त्यांना, पंप चालू आहे का, पाणी वाहतंय का. तीच थरथर या मूठभर जिवातून येत होती, उबदार.

त्यांनी हात उचलला. थरथर थांबली. हात ठेवला. पुन्हा सुरू झाली.

काकू मशीनवरून उठून आल्या तर नवरा डोळे मिटून पडलेला. "झोपलात?" त्या मोठ्याने म्हणाल्या.

"नाही," ते म्हणाले. "ही बोलतेय."

त्यानंतर काही आठवड्यांनी तांबडी फुगायला लागली. दोन्ही कुशी अशा बाहेर आल्या की वरून बघितलं तर नासपती दिसावी. काकूंनी कमरेवर हात ठेवले. "घाला अजून द्राक्षं!" भोंगाकाकांचा चेहरा पडला. गोड बंद झालं. काकडीही कमी झाली. तांबडी मात्र फुगतच राहिली. ठिपकी तेवढंच खाऊन आहे तशीच होती. शेवटी ते तिला घेऊन दवाखान्यात गेले आणि गुन्हेगारासारखे टेबलापाशी उभे राहिले.

"माझीच चूक आहे," ते म्हणाले. बाहेर बसलेल्या सगळ्यांना ते कळलं.

डॉक्टरीणबाईंनी तांबडीच्या पोटाखाली बोटं घातली, थांबल्या, पुन्हा चाचपलं. मग त्यांनी भोंगाकाकांचा हात धरला आणि तिथे ठेवला. आतून कुणीतरी ढुशी दिली. मग दुसऱ्या बाजूने आणखी कुणीतरी.

"दुसरी कोण आहे घरी?" बाईंनी विचारलं.

"ठिपकी."

"ठिपकी नाही काका. ठिपक्या."

भोंगाकाकांनी तोंडाचा आ वासला. पण बाई हसत नव्हत्या. त्यांनी नीट समोर येऊन, ओठ दिसतील असं सांगितलं की पहिली पिल्लं लहान वयात झाली तर ठीक, उशीर झाला तर या जातीत कमरेची हाडं घट्ट होतात आणि वाट मिळत नाही. हिचं वय नक्की किती?

कुणाला ठाऊक. दुकानदाराला मादी आणि नर कळला नव्हता, त्याला वय काय कळणार?

"मग वाट बघायची. नराला आजच वेगळा करा, नाहीतर पिल्लं झाल्या झाल्या पुन्हा दिवस राहतील. ती व्यायला लागली की तुम्ही मधे पडू नका, तिला सगळं येतं. फक्त एखादं पिल्लू पिशवीत गुरफटून राहिलं आणि ती बघत नसेल, तरच तोंडावरची पिशवी फाडा आणि कोरड्या कापडाने चोळा. आणि जोर लावूनही काही बाहेर येत नसेल, रक्त दिसलं, तर तडक इकडे."

घरी खोक्याच्या मधोमध जाळीची भिंत आली. ठिपक्या जाळीच्या पलीकडे नाक लावून बसे, तांबडी अलीकडून. भोंगाकाकांना मात्र एकच घोर लागला. ती कण्हली, ओरडली, तर आपल्याला कळणार कसं? काकू पडदे पोचवायला बाहेर गेल्या की ते खुर्ची सोडून खाली जमिनीवर बसत आणि खोक्याच्या लाकडावर हात टेकून ठेवत. काही हललं तर कळेल एवढ्यासाठी.

तो दिवस उजाडला तेव्हा उन्हं गॅलरीत आली होती आणि काकू नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. भोंगाकाका गवत बदलत होते. तांबडीने गवताकडे बघितलंही नाही. ती पाठीची कमान करून, पाय फाकून बसली, उचकी लागल्यासारखी हलली, आणि मान दुमडून खाली घातली. भोंगाकाका हातातल्या गवतासकट जिथल्या तिथे थिजले.

ती दातांनी काहीतरी ओढत होती. ओढलं, चाटलं, पटापटा, जणू तिला कुणी घाई केली असावी. आणि गादीच्या निळ्या पट्टीवर एक ओलं, तांबूस पिल्लू बसलेलं होतं. पडलेलं नव्हे, बसलेलं. पाय अंगाखाली घेऊन. ते नीट बघताहेत तोवर दुसरं आलं. काळं. तांबडी पहिल्याला सोडून दुसऱ्याकडे वळली. तिचं सगळं अंग थरथरत होतं, पण तोंड थांबत नव्हतं.

तिसरं तिच्या मागे पडलं. त्या दोघांच्या गडबडीत तिने ते पाहिलंच नाही. पातळ, चकचकीत पिशवीत गुंडाळलेलं, निपचित. भोंगाकाका मनात म्हणत राहिले, आता वळेल, आता वळेल. ती वळली नाही.

मग त्यांचा हात आत गेला. या हाताने त्यांनी आयुष्यभर घण धरला होता. बोटं एवढी जाड की सुईत दोरा ओवायला त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी पिल्लू तळहातावर घेतलं, नखाच्या टोकाने तोंडावरची पिशवी पकडली आणि ओढली. ती फाटली. नाकपुड्या पुसल्या. खांद्यावरचा रुमाल घेऊन चोळायला लागले, हलक्या हाताने, मग थोडं जोरात. पिल्लू ओरडलं का, श्वास घेतला का, ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि मिटली.

काही नाही.

काही नाही.

आणि मग तळहाताच्या मधोमध, एखादी टाचणी आतून टोचावी तसं टक्‌ झालं. मग पुन्हा. मग सलग, इतकं भरभर की मोजता येऊ नये. त्यांनी ओंजळ उघडली. पिल्लाने डोकं वर केलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

पाहिलं. डोळे उघडे होते. काळे, ओले, चकाकणारे, त्यांत गॅलरीची खिडकी दिसत होती. अंगावर केस होते, बोटांना नखं होती, मिशा होत्या. ओठ जरासा उचलला तर खाली दात होते. आख्खं, पुरं, तयार जनावर, फक्त अंगठ्याएवढं. भोंगाकाका गुडघ्यांवर बसले होते ते तसेच राहिले. त्यांना आपल्या मुलीचा जन्म आठवत होता. तिचे मिटलेले डोळे, कुणीकडेही वळणारी नजर, महिनोन्‌महिने धरून ठेवावी लागलेली मान. आणि हे? जगात येऊन घटकाही झाली नाही, आणि आपल्याला कुणी बाहेर काढलं ते बघून घेतंय.

त्यांनी त्याला तांबडीजवळ ठेवलं. तिने हुंगलं, चाटलं, आणि पोटाखाली घेतलं, काही घडलंच नाही अशा थाटात.

काकू आल्या तेव्हा घर शांत होतं. त्यांच्या घरात शांतता म्हणजे काहीतरी बिनसलेलं. पिशवी दारातच टाकून त्या गॅलरीत धावल्या. नवरा जमिनीवर बसलेला, गाल ओले. काकूंनी घाबरून विचारलं, "गेली का हो?"

त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

तांबडीच्या मागून काळं पिल्लू बाहेर आलं. लटपटत दोन पावलं टाकली, तिसऱ्याला पाय सापडले, आणि ते सरळ गवताच्या ढिगाकडे चालू लागलं. एक काडी तोंडात धरली. चावली. काकू खोक्यापाशी खाली बसल्या.

"अहो, हे गवत खातंय. आज जन्मलं ना हे?"

"आत्ता. तू नुकती जिना उतरली असशील तेव्हा."

"आत्ता जन्मलं आणि गवत खातंय?" काकूंनी पदराने तोंड झाकलं. ज्यांना त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं, त्यांच्यासमोर त्यांनी हात पसरून खोक्यातल्या गादीवर ठेवला. तांबूस पिल्लू आलं, बोटं हुंगली, आणि तळहातावर चढून बसलं. काकूंनी हात हलू दिला नाही. दोघंही दुपारचं जेवण विसरली.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी स्वतः येऊन बघून गेल्या. आई ठणठणीत होती. तिन्ही मुली, आणि या वेळी त्यांनी दोनदा तपासून सांगितलं. डोळे उघडे का, असं भोंगाकाकांनी विचारलं. बाई म्हणाल्या, यांचे पूर्वज उघड्या माळावर राहायचे. पिल्लं लपवून ठेवावीत असं बीळ खणायची सवय यांना नाही. म्हणून आई पोटातच दोन महिन्यांहून जास्त सांभाळते. जन्मल्याबरोबर बघता यावं, पळता यावं, सगळी तयारी आतच करून पाठवते. बाई गेल्यावरही भोंगाकाका ते शब्द घोळवत बसले. सगळी तयारी आतच करून पाठवते.

पुढे ठिपक्याची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि बाईंनी सांगितलेले आठवडे उलटल्यावर मधली जाळी निघाली. मुलीला नवी जागाही मिळाली, जनावरं चालणारी. "बाबा, आता यांना घेऊन जाऊ ना?" तिने समोर उभं राहून, मोठ्याने विचारलं. भोंगाकाकांना नेमकं तेव्हाच ऐकू आलं नाही. तिने आईकडे पाहिलं, तर आई नवी गादी कापण्यात दंग. मुलगी हसली आणि विषय सोडून दिला.

पण खोका पाचांना पुरेना. पिल्लांतली एक आईबापांजवळ राहिली, तांबूस. उरलेल्या दोघी, काळी आणि रुमालात चोळलेली ती, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेल्या. तो एकटा राहणारा गप्पिष्ट माणूस. त्याच्या दुकानामागे कोरडी, उजेडाची खोली होती. "एकटी कधी ठेवायची नाही," भोंगाकाकांनी त्याला दम भरला. "खोका ऐसपैस हवा. गवत मी आणून देईन. आणि त्या खोलीत तुझं ते वासाचं पाणी फवारशील तर याद राख."

डोक्यावर फारसे केस उरले नव्हते, तरी भोंगाकाका आता दर चार दिवसांनी केस कापायला जातात. न्हावी त्यांना खुर्चीत बसवायच्या भानगडीत पडत नाही. ते थेट मागच्या खोलीत शिरतात, गादी उचलून हुंगतात, पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी बोटाने दाबून पाणी येतंय का बघतात, मग खिशातून कोथिंबिरीची काडी काढतात. परवा त्यांच्या मागोमाग एक गिऱ्हाईक उठून आत आलं, गळ्याभोवती पांढरं कापड, अर्ध्या गालाला फेस. मग दुसरं आलं. काडीसाठी दोघी बहिणी मागच्या पायांवर उभ्या राहिल्या होत्या, एकमेकींच्या खांद्यावर रेलून.

"जन्मल्या तेव्हा एवढ्या होत्या," भोंगाकाका अंगठा दाखवून सांगत होते. "आणि डोळे उघडे, बरं का!"

"पहिल्या दिवशी?" फेसवाल्याने विचारलं.

"पहिल्या क्षणाला."

बाहेर खुर्च्या रिकाम्या होत्या. न्हावी वस्तरा हातात धरून दारात उभा होता, आणि आत तीन मोठी माणसं गुडघे टेकून, दोन लहानग्या जिवांना कोथिंबीर खाताना बघत होती.